दक्षिणेच्या भिंतीवरचा टीव्ही

"ह्याच्यापरास मोठा दाव," आत्ती म्हणाली.

दुकानातला सेल्समन गोड हसला. "आजी, हा त्रेचाळीस इंची आहे. घरच्या हॉलला बास होतोय."

"हॉल कुणाचा? तुझा का माझा?"

मला फस्सकन हसू आलं. माझं हसू असंच, नको तिथं फुटतं. शेजारी मोठे भावजी, म्हणजे माझे थोरले दीर बसवराज, कपाळाला आठ्या घालून उभे होते. त्यांनी असं बघितलं की मी ते हसू तिथंच गिळलं.

आमच्या इचलकरंजीकडं सासूला आत्ती म्हणतात. आणि बायका बोलताना ‘आलो, गेलो’च म्हणतात. ‘गेले’ लिहायचं हे मी शाळेत शिकले, बोलताना अजून जीभ वळत नाही. तर ही आमची आत्ती, गौराबाई. लग्न होऊन आल्यापासून तिनं कुणाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. लुगडंसुद्धा कुणी आणून देईल ते नेसायची. आणि आता सासरे, म्हणजे आप्पा, जाऊन वर्ष झालं, कारखान्यातले माग विकले, वाटण्या झाल्या, तेव्हा ही बाई एके सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "माझ्या वाटणीतनं हॉलात मोठा टीव्ही घ्यायचा."

आम्ही सगळे बघतच राहिलो. कारण आत्ती टीव्ही बघतच नव्हती. आमची मालिका लागली की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून लसूण सोलायची. तिथनं टीव्ही दिसत नाही, टीव्हीची भिंतच दिसत नाही. हॉलमध्ये ये म्हटलं तर "हितं बरं हाय" म्हणायची. आम्हाला वाटायचं, जुनी माणसं, लाजतात.

सेल्समननं तिच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं आणि मग त्याचा आवाज मऊ झाला. "आजींच्या डोळ्याला त्रास आहे काय? मग मोठाच घ्या साहेब."

आत्तीचा डावा डोळा पांढरा होता. भावजी लहान असताना आप्पांच्या कारखान्यात मागातनं धोटा उडाला आणि तिच्या डोळ्याला लागला, हे आख्ख्या गल्लीला पाठ होतं. धोटा म्हणजे मागात सूत घेऊन इकडनं तिकडं पळणारा लाकडी तुकडा. हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडाची टोकदार टोपणं. सुटला की गोळीसारखा येतो. तो धोटा आप्पांनी हॉलच्या शोकेसमध्ये ठेवला होता. पाहुणे आले की काढून हातात द्यायचे. "हाच बघा. हिचा डोळा ह्यानंच खाल्ला." पाहुणे च् च् करायचे, आत्ती चहा द्यायची.

"डोळा एकच हाय, म्हणून पडदा मोठा पाहिजे. खरं हाय का न्हाई आत्ती?" मी विचारलं.

तिनं कनवटीतनं सुताची एक गुंडी काढली. सुताला दोन गाठी मारलेल्या. ती वाकली, सुताचं एक टोक त्रेचाळीस इंचीच्या बुडाला धरलं आणि दुसरं सरळ वर नेलं. गाठी टीव्हीच्या वर राहिल्या. ती पुढं सरकली. पंचावन्न इंचीला लावलं. एक गाठ टीव्हीच्या आत आली, दुसरी बोटभर वर राहिली. तिनं मान हलवली. समोर पडद्यावर कसला धबधबा कोसळत होता, निळाशार, बघणाऱ्याची छाती भरून यावी असा. तिनं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. सगळी दुनिया टीव्हीचं चित्र बघून टीव्ही घेते, आणि ही बाई चौकट मोजत होती.

"आई, काय चाललंय?" भावजी म्हणाले.

"माप बघालोय."

"मी बघितलंय माप. त्रेचाळीस इंची आप्पांच्या फोटोच्या खाली बरोबर बसतोय. त्याच्यापेक्षा मोठा नको. घरात काय थेटर काढायचंय?"

"ह्याला लाव गं," आत्ती मला म्हणाली आणि सूत माझ्या हातात दिलं. समोर पासष्ट इंची होता. दाराएवढा! मी बुडाशी टोक धरलं. दोन्ही गाठी टीव्हीच्या आत आल्या.

"हा," आत्ती म्हणाली. "हाच."

भावजींनी माझ्या हातातनं सूत हिसकलं आणि दोन्ही मुठीत धरून ताडकन तोडलं. त्या झटक्यात माझं बोट चिरलं. माझ्या तोंडातनं शिवी निघणार होती, पण दीर पडले. माझ्या नवऱ्यानं, रेवणनं, पुढं होऊन त्यांच्या दंडाला धरलं. (नवऱ्याचं नाव मी सरळ घेते, उखाण्याची वाट कोण बघत बसतंय!)

"दादा, चारचौघांत काय हे?"

भावजींनी त्याला कोपरानं असा ढोसला की तो मागच्या स्टँडवर जाऊन आदळला. वरचा स्पीकर खाली पडला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. अक्का, म्हणजे माझी जाऊ इंदुमती, भिंतीला चिकटून उभी होती. भावजींचा आवाज चढला की ती आपोआप हात छातीशी घ्यायची. तिच्या हातात काचेची बांगडी टिकायची नाही. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच तिनं प्लास्टिकच्या घालायला सुरुवात केली होती. त्या फुटत नाहीत.

आत्तीनं खाली पडलेलं तुटकं सूत उचललं नाही. तिनं कनवटीतनं दुसरं काढलं. त्यालाही दोन गाठी.

"सूत तुटतंय म्हणून दोन आणलीत," ती सेल्समनला म्हणाली. "तू पासष्टचं बिल कर, घरचा पत्ता लिहून घे."

"आई!"

"माझं पैसं हायत, बसू." भावजींना ती अजून बसूच म्हणायची.

भावजी दात खात बाहेर गेले. सेल्समननं घाईघाईनं सगळं केलं आणि जाताना मला बजावलं, "वहिनी, खोकं टाकू नका. वर्षभर वॉरंटी आहे. परत द्यायची वेळ आली तर खोक्याशिवाय घेत नाहीत."

आत्तीनं ते कान देऊन ऐकलं.

घरी आल्यावर भावजी थेट आपल्या खोलीत गेले. माझ्या मनात मात्र एकच प्रश्न, एवढा टीव्ही लावायचा कुठं? हॉलच्या भिंती तशा चार, पण कामाची एकच. पूर्वेला देव. उत्तरेला दार. पश्चिमेला सगळी खिडकी. राहिली दक्षिणेची. टीव्हीचा कट्टा, प्लग, वायरी सगळं तिथंच काढलेलं. आणि आप्पांचा फोटोही तिथंच. गेलेल्या माणसाचा फोटो दक्षिणेच्या भिंतीलाच लावायचा, दुसरीकडं लावला तर घराला लागतं, असं भावजींनी कुणा गुरुजींना विचारून ठरवलं होतं. दोन हात उंच फोटो, चंदनाचा हार, वर लाल झीरोचा बल्ब रात्रंदिवस पेटलेला. दर अमावास्येला नैवेद्य. फोटोवाल्यानं डोळे असे रंगवले होते की हॉलमध्ये कुठंही बसा, आप्पा आपल्याकडंच बघतायत. मी तर मालिका बघताना पाय लांब करायचे आणि परत जवळ घ्यायचे.

"पासष्ट इंची लागला तर फोटोचं काय?" मी रेवणला विचारलं.

"आईला कळतंय सगळं. तिच्या एका डोळ्याला दिसावं म्हणून घेतलाय, तर दादानं फोटो थोडा वर सरकवावा."

"वर बीम हाय की."

तो हॉलात जाऊन बीम बघून आला.

रविवारी सकाळी टीव्ही आला. दोन हमालांनी खोकं आत आणलं. मागोमाग दस्तगीर आला, ड्रिलची पिशवी आणि स्टूल घेऊन. आमच्या गल्लीतले निम्मे टीव्ही त्यानंच बसवलेत. त्यानं कट्ट्यावरचा जुना टीव्ही बाजूला ठेवला, भिंतीवर पेन्सिलीनं खुणा केल्या, मान वर केली आणि म्हणाला, "फोटो काढायला लागतोय."

"फोटो हलणार न्हाई," भावजी म्हणाले. "त्याच्या खाली बसव."

"कसा बसंल साहेब? वर सरकवला तरी बसत न्हाई. फोटो न्हाईतर टीव्ही, दोन्हीतलं एक."

"मग टीव्ही परत ने."

"बसीव," उंबऱ्यातनं आत्ती म्हणाली. ती लसूण सोलत होती. "फोटो काढ आन् बसीव."

दस्तगीरनं बिचाऱ्यानं जिनं पैसे दिले तिचं ऐकलं. त्यानं फोटोला हात लावला आणि भावजींनी त्याच्या कानशिलात ठेवून दिली. अशी की त्याचं डोकं भिंतीवर आपटलं आणि पेन्सिल उडून खिडकीत पडली. "सुक्काळीच्या, माझ्या बापाला हात लावतोस?"

"दादा!" रेवण मध्ये पडला. "तो कामाचा माणूस हाय. त्याला कशाला मारालाईस?"

"मग तुला मारतो," भावजी म्हणाले आणि मारलंच. रेवणच्या नाकावर ठोसा बसला. भळाभळा रक्त आलं, नव्या टीव्हीच्या प्लास्टिकवर पडलं. माझा नवरा तसा गरीब. लहानपणापासनं थोरल्या भावाचा मार खात आलेला आणि वर "दादाचा स्वभावच तसा हाय" म्हणणारा. त्या दिवशी मात्र त्यानं नाकावरचं रक्त मनगटानं पुसलं आणि भावजींच्या पोटात डोकं घातलं. दोघंही कट्ट्यावर आदळले. शोकेसची काच खळ्ळकन फुटली. आतल्या बाहुल्या, कपबश्या, देवळातनं आणलेले प्रसादाचे डबे, सगळं खाली. भावजींचा हात रेवणच्या गळ्यावर. मी पाठीमागनं त्यांचा शर्ट धरून ओढत होते, शर्ट फाटला, ते हलले नाहीत. शेवटी रेवण त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावला तेव्हा गळा सुटला.

भावजी उठले. दाराआड गेले. तिथं खुंटीला आप्पांचा पट्टा होता.

तो मागाचाच पट्टा, धोट्याला तडाखा देणारा, म्हशीच्या जाड कातड्याचा, टोकाला लोखंडी कडी. आप्पा तो कारखान्यातनं घरी आणायचे आणि तो कशाला लागतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी आले तेव्हा आप्पा थकले होते, माझ्या वाट्याला तो आला नाही. आप्पा गेल्यावर मी तो टाकूया म्हटलं होतं. भावजी म्हणाले होते, आठवण आहे.

पहिला फटका रेवणच्या पाठीवर बसला. काय तो आवाज! उंबऱ्यात आत्तीच्या हातातला लसूण खाली पडला. दुसरा बसला. रेवण गुडघ्यावर आला. तिसऱ्याला हात वर गेला आणि तेवढ्यात हॉलमधला तो लाल उजेड गेला.

आम्ही सगळे वळलो. अक्का दस्तगीरच्या स्टुलावर चढली होती. तिनं बल्बचा प्लग उपसला होता. आता ती फोटोला दोन्ही हातांनी धरून खिळ्यातनं सोडवत होती. कुणाला वाटलं असतं, ही बाई? जी जेवताना पाणी मागायलाही नवऱ्याचं तोंड बघायची, ती!

"इंदे," भावजी हळू आवाजात म्हणाले. तो आवाज ओरडण्यापेक्षा वाईट. "खाली उतर."

"उतरतो की," अक्का म्हणाली. "हेला घेऊनच उतरतो."

पट्टा तिच्या पोटऱ्यांवर बसला. ती स्टुलावरच वाकली, पण फोटो सोडला नाही. परत बसला. तिच्या पायाला कडी लागली आणि साडीच्या काठावर रक्त दिसलं. ती फोटो छातीशी धरून उभी. हार तुटून खाली लोंबत होता.

माझं डोकंच सटकलं. खाली काचांत तो शोकेसमधला धोटा पडला होता. मी उचलला आणि भावजींच्या मनगटावर सगळा जोर लावून हाणला. हाडाचा आवाज आला.

"भावजी, हात खाली घ्या!" मी ओरडले. मारताना पण अहो-जाहो! नंतर अक्का आणि मी हे आठवून किती हसलो.

पट्टा खाली पडला. भावजींनी तो डाव्या हातानं उचलला आणि माझ्याकडं वळले. फटका माझ्या खांद्यावर बसला. अंगात आग गेली. मी परत धोटा उगारला. मी त्या माणसाचं डोकं फोडलं असतं, खोटं कशाला सांगू. पण आमच्या दोघांच्या मध्ये आत्ती येऊन उभी राहिली.

ती अनवाणी काचांवरनं चालत आली होती. फरशीवर तिच्या पावलांचे लाल ठसे. आप्पा गेल्यापासून हॉलच्या मधोमध मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा उभी बघितली.

"मार," ती म्हणाली. "डावा गेलाय. उजवा हाय अजून."

"आई, बाजूला हो."

"न्हाई होत. हितंच मार. हेच हातानं, हेच पट्ट्यानं."

"आई, तू गप बस."

"लई वर्सं गप बसलो." तिनं माझ्याकडं हात केला. "तो धोटा दे उज्ज्वला."

मी दिला. तिनं तो भावजींच्या तोंडासमोर धरला. "बघ. हेच्यावर तेलाचा डाग हाय? सुतानं पडलेला ओरखडा हाय? कोरा हाय. एक दिस मागात चाललेला न्हाई. मग हा उडाला कुठनं?"

भावजींचा चेहरा पांढरा पडला.

"बसू, हा धोटा कुणी आणला?"

भावजी एक पाऊल मागं सरकले.

"कुणी आणला? सांग की. तुझ्या भावाला सांग, बायकोला सांग."

"...मी."

"कवा?"

"दुसऱ्या दिवशी."

"कुणी पाठवलंतं तुला?"

भावजींनी वर भिंतीकडं बघितलं. तिथं नुसता खिळा होता आणि फोटोमागचा स्वच्छ रंग. "आप्पांनी," ते म्हणाले. "बाजारातनं नवा आण म्हणाले. आन् कुणी विचारलं तर काय सांगायचं ते सांगितलं."

रेवण गुडघ्यावरच होता. नाकातलं रक्त हनुवटीवरनं खाली गळत होतं. "म्हणजे? धोटा उडालाच न्हवता?"

"आमटी आळणी झालती," आत्ती म्हणाली.

एवढंच. मी भावजींच्या हातातल्या पट्ट्याकडं बघितलं, त्याच्या टोकाच्या कडीकडं. त्यांनीही बघितलं.

"तेच्या डोळ्याम्होरं उठलो, तेच्या डोळ्याम्होरं निजलो," आत्ती म्हणाली. तिचा आवाज चढलासुद्धा नव्हता. "पाव्हण्यांच्या हातात तो धोटा द्यायचा आन् माझ्याकडं बघायचा. मेला तवा म्हटलं सुटलो. तर तू भिंतीला आणून लावलास. वर दिवा लावलास, रात्रीबी दिसावा म्हणून. तवापासनं मी हॉलात बसलो का कवा? उंबऱ्यात बसून दिस काढले. फोटो काढ म्हटलं असतं तर काढला असतास?"

भावजींनी मान हलवली. नाही.

"म्हणून टीव्ही."

तेव्हा मला त्या दोन गाठी कळल्या. सुताचं टोक म्हणजे कट्टा, पहिली गाठ फोटोच्या खालच्या चौकटीची. दुसरी, फोटो बीमला टेकेपर्यंत वर सरकवला तर ती चौकट जिथं येईल तिथली. त्या दुसऱ्या गाठीच्या वर जाणारा टीव्ही आला की त्या भिंतीवर फोटोला जागाच उरत नव्हती. आणि दुसऱ्या भिंतीला लावायचा नाही हे भावजींनीच ठरवून ठेवलेलं. आम्ही बसलो होतो तिच्या डोळ्याची कीव करत.

"आई, मला आधी सांगायचं हुतंस," भावजी म्हणाले.

"तुला काय सांगायचं? तूच आणलास की धोटा." मग ती जरा थांबली. "ल्हान होतास. तेच्यात तुझी चूक न्हाई. आता ल्हान न्हाईस बसू. बायकोच्या पायाकडं बघ."

भावजींनी बघितलं. अक्का अजून स्टुलावरच उभी होती, पोटऱ्यांवर पट्ट्याचे वळ, टाचेखाली रक्ताचा थेंब. भावजी कट्ट्यावर बसले. पट्टा त्यांच्या हातातनं घसरून खाली पडला. सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन ते रडायला लागले, आणि त्यांना उगी म्हणायला आमच्यातलं कुणी पुढं गेलं नाही.

दारातनं दस्तगीरनं डोकं आत घातलं. त्याचा गाल फुगला होता. "काकी, मी उद्या येऊ का?"

"आजच," आत्ती म्हणाली. "आत्ताच बसीव. पयला चहा घे."

मी चहा ठेवला. अक्काच्या पायाला हळद लावली, आत्तीच्या पावलातल्या काचा चिमट्यानं काढल्या. दस्तगीर ड्रिल चालवायला लागला तशी भिंतीची पांढरी भुकटी सगळ्या हॉलभर उडाली. रेवण नाकाला फडकं लावून टीव्ही उचलू लागला. दुसरी बाजू कुणी धरायची म्हणून सगळे एकमेकांकडं बघत होते. भावजी उठले आणि डाव्या हातानं धरली. टीव्ही बसला. तो स्वच्छ चौकोन त्याच्यामागं पुरा झाकला गेला.

"फोटो कुठं ठिवू?" अक्कानं विचारलं.

आत्तीनं टीव्हीच्या रिकाम्या खोक्याकडं बोट केलं. अक्कानं फोटो आत थर्माकोलच्या मध्ये उभा केला. आत्तीनं वर पट्टा टाकला. त्याच्यावर धोटा.

"आई, आप्पांचा फोटो टाकायचा न्हाई," भावजी म्हणाले. पण त्यात आता जोर नव्हता.

"कोण टाकतंय? खोकं ठेवायलाच लागतंय न्हवं वर्षभर, वॉरंटी हाय. माळ्यावर ठेवा."

मी रिमोट घेतला. "लावू का आत्ती?"

"नको. बंदच ऱ्हाऊ दे."

ती समोरच्या सोफ्यावर बसली. मधोमध, पाय लांब करून, लसणाची परडी मांडीवर घेऊन. आणि त्या काळ्या पडद्याकडं बघत सोलायला लागली.

वर्षभर असंच चाललं. ती हॉलमध्ये असली की टीव्ही बंद. आम्ही आमच्या मालिका ती देवळात गेली की बघायचो. घरात भांडणं झाली नाहीत असं नाही. भावजींचा आवाज अजूनही चढायचा. एकदा त्यांनी अक्कावर हात उगारला होता. अक्का हातातली कळशी तशीच धरून म्हणाली, "आत्तींना बोलवू का हॉलातनं?" हात खाली आला. त्या दिवाळीला अक्कानं काचेच्या बांगड्या भरल्या, हिरव्या. मी मोजत नव्हते, पण लक्ष होतं माझं. टिकल्या.

मग एक दिवस दुपारी गल्लीत भंगारवाल्याची हाक आली. आत्ती सोफ्यावर होती. तिनं विचारलं, "उज्ज्वला, वॉरंटी सपली का गं?"

"सपली की. मागच्याच आठवड्यात."

"मग खोकं दे त्याला."

माझा हात शिडीला लागला आणि थांबला. मी आत भावजींच्या खोलीकडं बघितलं. ते दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी शिडीवरनं बाजूला झाले.

भावजी वर चढले. खोकं दोन्ही हातांनी कवटाळून खाली आणलं. आत काहीतरी खडखडलं, काच असावी, नाहीतर कडी. उघडून बघितलं नाही. ते तसंच घेऊन ते बाहेर गेले. भंगारवाला म्हणाला, "लई जड हाय की ओ, आत काय हाय?" भावजी काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. गाडा गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ते रस्त्यात उभे होते.

मग आत आले. हात धुतले. आत्तीच्या पायाशी फरशीवर बसले, लहानपणी बसत असतील तसे, आणि परडीतला एक गड्डा घेऊन सोलायला लागले.

दोघांनी मिळून परडी निम्मी केली. मग आत्तीनं साल झटकली, समोर बघितलं आणि म्हणाली, "लाव आता. बघू तरी काय लागतंय."